उशाशी ठेवलेलं पाकीट

तात्यांचा हात गार होता. थंडीच्या दिवसांतला गार नव्हे, बारा महिने गार. माझगावच्या धक्क्यावर मासळीसाठी बर्फाच्या लाद्या फोडण्यात त्यांचं सगळं तरुणपण गेलं, आणि त्यातला थोडा बर्फ त्यांच्या हातातच राहून गेला असावा. दुपारी खोलीवर येऊन अंघोळ केली, चहाचा ग्लास दोन्ही तळव्यांत धरून बसले, तरी तो हात चारचौघांच्या हातासारखा व्हायचा नाही. झोपलेल्या माणसाच्या कपाळावर त्यांनी तो ठेवला की माणूस दचकून उठायचा. तात्या म्हणायचे, "ताप हाय तुला."

ताप असायचाच. इतक्या गार हाताला कुणाचंही कपाळ गरमच लागणार. पण ही गोष्ट पुष्कळ वर्षं खोलीत कुणाच्या ध्यानात आली नाही, खुद्द त्यांच्याही नाही. ते आपली ट्रंक उघडायचे आणि गोळी काढून हातावर ठेवायचे.

खोली म्हणजे आमच्या गावची खोली. लालबाग-परळला अशा खोल्यांत ज्यांनी दिवस काढले त्यांना समजावून सांगायला नको, इतरांसाठी सांगतो. आजऱ्याकडची आमच्या गावची माणसं गिरण्यांत कामाला आली तेव्हा गावाने मिळून चाळीत एक खोली घेतली. गिरण्या गेल्या, खोली राहिली. गावातून जो कुणी पोट भरायला येईल त्याची ट्रंक भिंतीला लागायची आणि त्याला अंथरुणापुरती जागा मिळायची. तीही पाळीपाळीने. रात्रपाळीवाला आला की दिवसपाळीवाल्याची वळकटी उचलली जायची आणि त्याच फरशीवर दुसरी पसरायची. एका छपराखाली राहून दोन माणसांची आठवडाभर गाठ पडत नसे.

मी नववीत शाळा सोडून आलो आणि लालबागला मिरची-मसाला कुटून देणाऱ्या कांडपावर लागलो. खोलीत सगळ्यात वडीलधारे तात्या. पहिल्या दिवशी त्यांनी माझी चौकशी केली ती अशी.

"शाळा कितवीला सोडलास?"

"नववीला."

"इंग्रजी अक्षरं येत्यात?"

"येतात. वाचता येतं, अर्थ लागत नाही."

"मग शाळाच सोडलास की. अक्षरं न्हाई सोडलास. बस."

त्या 'बस'वर मी खोलीत बसलो तो बसलोच. घरापासून इतक्या लांब कुणी आपल्याला कशासाठी तरी लायक ठरवलं, याचं तेव्हा काय वाटलं ते आता लिहून सांगता येत नाही.

तात्यांचा उजवा खांदा दुखायचा. पण दुखतो असं ते म्हणत नसत. "खांदा बोलाय लागला," म्हणत. खांदा बोलला की गोळी. गोळीविषयी त्यांचं स्वतःचं एक म्हणणं होतं. "गोळी म्हंजे बदली गडी. आपण दमलो की त्यानं हुभं ऱ्हायाचं." गिरण्यांच्या वस्तीत बदली कामगार सगळ्यांना ठाऊक, त्यामुळे हे बोलणं सगळ्यांना पटायचं. फक्त प्रत्येकाचा बदली गडी वेगळा होता. शिवामामा परळच्या एका टॉवरवर रात्रीचे वॉचमन होते. तिथल्या कुणा साहेबांनी एकदा दिलेली पिवळ्या पाकिटातली गोळी सोडून त्यांचा दुसऱ्या कशावर विश्वास नव्हता. बाळूदा दादरला हॉटेलच्या भटारखान्यात, दुपारी जायचे ते रात्री उशिरा यायचे. त्यांची सर्दीची गोळी होती, हिरव्या पाकिटातली. कुणी आजारी पडलं की तिघांच्या ट्रंका उघडायच्या. माया करायची आमच्या खोलीची रीतच तशी होती.

मला ताप आला तो मिरचीच्या दिवसांत. त्या दिवसांत लालबागला गल्लीत शिरलं तरी शिंका येतात, आम्ही तर दिवसभर तिखटातच उभे. अंग तापलं, नाक वाहायला लागलं, मालकाने घरी पाठवलं. तात्यांनी धक्क्यावर जाता जाता कपाळाला हात लावला आणि गोळी दिली. ते गेल्यावर शिवामामा ड्युटीवरून आले.

"काय रं, तात्यानं दिली का गोळी?"

"दिली."

"त्याची गोळी म्हंजे बाळगुटी. ही घे. साहेब लोकांची हाय."

मी घेतली. दुपारी बाळूदा कामाला निघाले. "नाक गळतंय आणि तापाची कसली खातोस येड्या? सर्दीची खा." तीही घेतली. तिघेही माझ्यापेक्षा मोठे, तिघेही प्रेमाने देणारे, कुणाला नाही म्हणू? संध्याकाळी तात्यांनी पुन्हा हात लावला, त्या हाताला मी तापलेलाच, पुन्हा गोळी. आणि प्रत्येकाला वाटायचं की ह्या पोराला काय ते औषध आपणच देतोय. भाकरी तोंडाला नको झाली होती. चहा प्यायचा, गोळी घ्यायची आणि पडून राहायचं. असे दोन-तीन दिवस गेले.

ताप उतरला. गावाहून आईचा फोन आला, तिलाही तसं सांगितलं. आणि मग उलट्या सुरू झाल्या. पित्त झालं असेल, मिरची बाधली असेल, असं सगळे म्हणाले. पोटात उजव्या अंगाला दुखत होतं, ते मी कुणाला सांगितलंसुद्धा नाही.

त्या दुपारी तात्या आले आणि सवयीने हात लावला. हात तिथेच राहिला. घामाने माझं कपाळ त्यांच्या हाताइतकंच गार झालं होतं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्या हाताला ताप लागला नाही, आणि तात्या घाबरले ते त्यामुळेच.

"काय काय खाल्लास?"

"काही नाही. चहा."

"गोळ्या म्हनतोय मी."

"तुमची."

"आनि?"

"शिवामामांची."

"आनि?"

"बाळूदांची."

कोपऱ्यातली कचऱ्याची बादली तात्यांनी वर्तमानपत्रावर उपडी केली आणि चहाच्या चोथ्यातून, कांद्याच्या सालांतून गोळ्यांची रिकामी पाकिटं वेचायला लागले. बाळूदा नुकते उठले होते. "तात्या, कचऱ्यात काय हुडकताय? दागिना हरवला काय?"

"दागिनाच हाय," तात्या म्हणाले. पाकिटं पुसून त्यांनी शर्टाच्या खिशात घातली, मला आपल्या खांद्याचा आधार देऊन उभं केलं, त्या बोलणाऱ्या खांद्याचाच, आणि टॅक्सी करून परळच्या मोठ्या इस्पितळात नेलं.

तिथे एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. तात्यांनी खिसा त्यांच्या टेबलावर रिकामा केला. बाईंनी पाकिटं एका ओळीत लावली आणि पेन काढून प्रत्येकावरच्या एका बारीक नावाभोवती गोल काढला. पांढऱ्यावर, पिवळ्यावर, हिरव्यावर. मला आडवं केलं होतं तिथून दिसत होतं. तिन्ही गोलांत एकच नाव होतं, पॅरासिटामॉल.

"काका, ही तीन औषधं नाहीत," त्या म्हणाल्या. "कंपन्या तीन आहेत. औषध एकच. सर्दीच्या गोळीत बाकीचं आणखी काय काय आहे, पण हेही आहेच."

तात्यांनी विचारलं, "वाईट औषध हाय का हे?"

"नाही हो. ताप, अंगदुखी, सगळ्यात आधी आम्हीसुद्धा हेच देतो. मापात घेतलं तर चांगलं. मापाबाहेर गेलं की लिव्हर जातं, आणि गंमत अशी की सुरुवातीला कळू देत नाही. नुसती मळमळ. माणसाला वाटतं ताप उतरला, बरा झालो. त्यात हा काही खातही नव्हता."

"वाचंल का?"

"उतारा सुरू करते. रक्त तपासू. आत्ता सांगता येत नाही." मग पाकिटं गोळा करता करता त्या म्हणाल्या, "ही घेऊन आलात ते फार बरं केलंत. नाहीतर आम्ही कावीळ, डेंग्यू शोधत बसलो असतो."

सलाइनमधून उतारा चालला होता. माझे डोळे थोडे पिवळे झाले. तात्या वॉर्डाबाहेर जमिनीवर बसून होते. धक्क्यावर गेले नाहीत. आईला फोन त्यांनीच केला आणि काय झालं ते लपवलं नाही. "पैली गोळी मी दिली," असं त्यांनी तिला सांगितलं, हे मला आईकडून पुढे कळलं. रक्ताचे आकडे सुधारायला लागले तेव्हा बाईंनी त्यांना आत बोलावलं. ते माझ्या कॉटपाशी आले, हात पुढे केला आणि कपाळापर्यंत नेऊन मागे घेतला. खिशात घातला. "माझ्या हाताचं खोटं हाय," म्हणाले.

त्या दिवसानंतर खोलीत कुणाच्या कपाळाला त्यांचा हात लागला नाही. एक थर्मामीटर आला आणि देवाच्या फोटोमागे राहू लागला. आणि एक नवी रीत आली. आजारी माणसाने गोळी खाल्ली की पाकीट फेकायचं नाही, उशाशी ठेवायचं. पाळीवरून येणाऱ्याने आधी उशी बघायची, मग माणूस. कधी घेतलीस, कुठली घेतलीस, ते विचारायचं, आणि मगच आपल्या ट्रंकेला हात लावायचा. पाकिटावरचं मोठं नाव वाचायचं नाही, ते कंपनीचं. खालचं बारीक वाचायचं. ते वाचण्याचं काम माझ्याकडे आलं, कारण तात्यांची नजर तोवर अधू झाली होती आणि इंग्रजी अक्षरं त्यांना कधी आलीच नव्हती. ते पाकीट माझ्यापुढे धरायचे आणि मी मोठ्याने वाचायचो. पॅरासिटामॉल निघालं की ते मान हलवून म्हणायचे, "त्योच गडी. सदरा बदलून आलाय."

डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं त्यांनी आपल्या भाषेत बसवून घेतलं होतं. दोन गोळ्यांमध्ये निदान सहा तास जाऊ द्यायचे आणि दिवसाकाठी चारच्या वर जायचं नाही, हे त्यांच्या तोंडी असं यायचं: "पैल्याची ड्युटी संपल्याबिगर दुसऱ्याची हजेरी न्हाई. आनि डबल ड्युटी तर मुळीच न्हाई." तीन दिवसांत ताप हटला नाही तर गोळी बंद आणि डॉक्टर. उपाशी, अशक्त माणसाला डॉक्टरला विचारल्याशिवाय नाही. शेजारच्या खोलीतली बाई लेकरासाठी अर्धी गोळी मागायला आली तर तात्या तिला हात जोडायचे. "वैनी, पोरांचं वजनावर असतंय. दवाखान्यात न्या, मी संगती येतो."

चेष्टा व्हायचीच. शिवामामा त्यांना टीसी म्हणायचे, उशा तपासत फिरणारा. बाळूदांनी एकदा बिस्किटाचं रिकामं पाकीट उशाशी ठेवलं आणि कण्हत पडले. तात्यांनी ते शांतपणे माझ्यापुढे धरलं. मी वाचलं, "गहू, साखर." तात्या म्हणाले, "ह्याला चहा द्या. आनि अक्कल कुठल्या पाकिटात मिळती का बघा."

शिवामामांशी मात्र त्यांचं खरंच वाजलं. मामा सुट्टीच्या दिवशी प्यायचे आणि सकाळी डोकं धरून गोळी मागायचे. तात्यांनी दिली नाही.

"डोकं माझं, दुखणं माझं, तुझ्या बापाचं काय जातंय?"

"लिवर तुझं जाईल. न्यायचा खांद्यावनं मी. माझा खांदा आदीच बोलतोय."

मामा रागावून गॅलरीत जाऊन बसले. तात्यांनी त्यांच्यासाठी लिंबाचं पाणी केलं, ग्लास दारात ठेवला आणि आत येऊन झोपले. थोड्या वेळाने ग्लास रिकामा दिसला. मला सगळ्यात जास्त हसू येणारी आठवण हीच.

मग चाळ पाडायची ठरली. टॉवर होणार म्हणे, तेव्हा खोली परत मिळणार. गावकीच्या खोलीतल्या ट्रंका एकेक करून हलल्या. शिवामामा मुलाकडे गेले, बाळूदा हॉटेलातच राहायला लागले, मी भायखळ्याला कांडपावरच्या दोघांबरोबर भाड्याने राहू लागलो. तात्यांनी गावाला जायचं ठरवलं. धक्क्यावरचं काम खांद्याने आधीच सोडायला लावलं होतं. परळला गावाच्या गाडीत मी त्यांना बसवलं. ट्रंक वर चढवली. गाडी सुरू झाल्यावर खिडकीतून त्यांनी हात बाहेर काढला आणि इस्पितळानंतर पहिल्यांदा माझ्या कपाळाला लावला. गारच होता.

"ताप न्हाई," म्हणाले.

गावाहून त्यांचे फोन यायचे, मीही करायचो. मला फोनवर काय बोलावं ते सुचत नाही, म्हणून ठरलेलं बोलायचो.

"खांदा काय म्हणतो तात्या?"

"बोलतोय. म्हातारपनी त्यालाबी दुसरं काय काम?"

"गोळी घेता?"

"घेतो की. पाकीट उशाशी हाय."

एवढं ऐकलं की माझ्या जिवाला बरं वाटायचं. मी घाबरट माणूस आहे. त्या आजारपणानंतर डोकं दुखलं तरी आधी पाकीट तीनदा वाचतो, मग गोळी घेतो, कधी घेतही नाही. तात्यांच्या बाबतीत मात्र भीती वाटली नाही, कारण ही रीत त्यांचीच. एकदा विचारलं होतं, "बारीक नाव बघता ना?" तर ते हसले. "मला कुठं दिसतंय? तू ये आनि वाच."

मिरचीचे दिवस होते. त्या दिवसांत कांडपावरून सुट्टी मिळत नाही. पुढच्या महिन्यात येतो, असं मी म्हटलं.

तात्यांना कावीळ झाली. आधी गावातच झाडपाला झाला, मग जावई पुण्याहून आले आणि त्यांना कोल्हापूरला घेऊन गेले. तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, कुठल्या गोळ्या चालू होत्या? जावई म्हणाले, खांद्याची घ्यायचे. कुठली? ते कुणाला सांगता येईना. तात्या स्वतः सांगण्याच्या पलीकडे गेले होते. ते परत आलेच नाहीत. गोळ्यांनीच झालं असं कुणी म्हटलेलं नाही, मीही म्हणत नाही. मला तेवढं कळत नाही.

दिवसकार्याला मी गावी गेलो. काकींनी, तात्यांच्या बायकोने, मला सोप्यातल्या त्यांच्या बाजेवर बसवलं. वाकळ घडी करून ठेवली होती. उशी होती तिथेच होती, आणि उशीशेजारी गोळ्यांची रिकामी पाकिटं, कडेला कड लावून नीट ठेवलेली. त्यांच्यावर धूळ नव्हती. काकी रोज पुसत असाव्यात.

"तुमच्या ममईची रीत म्हनून म्या टाकली न्हाईत," काकी म्हणाल्या. "मला म्हनायचे, ऱ्हाऊ दे तितंच. कुनीतरी येऊन बघतंय."

खोलीत कुणीतरी यायचं. सकाळी वॉचमनची ड्युटी सुटायची, दुपारी धक्क्यावरचं काम संपायचं, संध्याकाळी कांडप बंद व्हायचं, दार वाजायचं आणि येणारा आधी उशी बघायचा. इथे त्या दोघांशिवाय कुणी नव्हतं, आणि दोघांपैकी कुणाला ती अक्षरं येत नव्हती. तात्यांनी आपल्या वाटणीचं काम चोख केलं होतं. पाकिटं ठेवली होती.

मी पहिलं उचललं. गावातल्या दुकानातलं, निळं. दुसरं जावयांनी पुण्याहून आणलेलं. तिसरं जुनं, तालुक्याला कधीतरी सर्दी-पडशासाठी घेतलेलं. तिन्हीवरची बारीक नावं मी वाचली, पहिल्यांदा मनात आणि मग मोठ्याने, त्यांना वाचून दाखवायचो तशी.

"काय लिवलंय?" काकींनी विचारलं.

"औषधाचं नाव आहे, काकी."

"तिनीवर?"

"तिन्हीवर. एकच आहे."

काकींनी एक पाकीट उचलून पदराने पुसलं आणि परत कडेला कड लावून ठेवलं. "आनि मी म्हनत हुते," त्या म्हणाल्या, "तीन तीन औषदं चालल्यात. बरं वाटंल."

त्या चहा टाकायला आत गेल्या. मी पाकिटं गोळा केली आणि शर्टाच्या खिशात घातली, त्यांनी माझी घातली होती तशीच. घातल्यावर कळेना, की आता ती घेऊन जायचं कुठे.